आधी हाच चाकू पुरा करा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या टूलरूमच्या मागच्या गल्लीला अण्णांची पत्र्याची शेड आहे. आधी तिथं पॉवरलूमचे सुटे भाग व्हायचे. गेली काही वर्षं अण्णा आणि हाताखालची दोन पोरं मिळून घडीचे चाकू बनवतात. त्यांच्या पात्यांचं सरफेस ग्राइंडिंग, म्हणजे पाती सपाट घासायचं काम, माझ्याकडे होतं, म्हणून या प्रकरणात मी पहिल्यापासून आहे आणि तटस्थ मुळीच नाही. हा चाकू चांगला व्हावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न असा होता. अण्णांचं एकच मॉडेल चालू होतं. ७५ मिमी लांब आणि ३ मिमी जाड पातं, आत लायनर लॉक (मुठीच्या आतली स्प्रिंगची पट्टी, जी उघडं पातं अडकवून धरते), खिशाला अडकवायची क्लिप. पातं डी२ पोलादाचं, म्हणजे डायवाले, साचे बनवणारे, ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणतात त्याचं. घेणारे बहुतेक शौकीन: पुण्या-मुंबईचे काही, हैदराबादचे दोघं-तिघं, बाकी सोलापूर, बार्शी, सांगोला, पंढरपूर. पुढच्या वर्षी काय काढायचं यासाठी अण्णांनी भिंतीवर तीन चित्रं लावली होती. पहिलं टायटॅनियमच्या मुठीचं फ्रेम लॉक, म्हणजे मुठीचाच एक भाग पातं अडकवतो असं. दुसरं बेअरिंगवर फिरणारं, बोटानं टिचकी मारली की उघडणारं फ्लिपर. तिसरं १०० मिमी पात्याचं, दणकट. लेझर कटिंगचा लॉट, फिक्स्चर आणि कच्चा माल धरला तर पैसे एकाच चित्रापुरते होते. "आपण डोकं खाजवत बसण्यापेक्षा वापरणाऱ्यांनाच विचारू की," अण्णा म्हणाले, आणि लिहून घ्यायचं काम माझ्या गळ्यात आलं.

नान्नजच्या वाटेवरचा हुरडा

संक्रांतीच्या आधीचा रविवार. एका गिऱ्हाइकाच्या शेतात हुरडा लावला होता. १४ जण आले. पहिल्या तासाभरात माझ्या वहीची तीन पानं भरली. पात्याच्या पोलादात एकाला एस३०व्ही हवं, दुसऱ्याला एम३९०, तिसरा व्हीजी-१० वर अडून बसलेला. टायटॅनियम हवं, कार्बन फायबर हवं, सिरॅमिक बेअरिंग हवी. हैदराबादहून आलेल्या एका तरुणानं तर जगातल्या नामांकित चाकूंची यादी मोबाईलवर आणली होती आणि प्रत्येकातला एकेक गुण अण्णांच्या पुढच्या चाकूत मागत होता. त्यातलं काहीच चुकीचं नव्हतं. पण वहीकडे बघताना मला धाकधूक वाटत होती, कारण या तीन पानांतून एक चाकू निघणं शक्य नव्हतं.

मग हुरडा आला, शेंगाचटणी आली, कुणीतरी पेरू आणि उसाची कांडी पुढं ठेवली, आणि सगळ्यांनी खिशातले चाकू काढले. त्यात सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले होते. मघापासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी आपला चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पातं बेस हाय, अण्णा. पर आतनं कायतरी कुरकुर करतंय बगा."

मी अॅलन की मागवली. ३ मिमीचा स्क्रू, त्याला २ची अॅलन की लागते. एक स्क्रू फिरेना. डोक्यातला षटकोन गंजानं भरला होता. सुईनं कोरून काढला तेव्हा सुटला. स्टीलच्या ताटात सगळे भाग मांडले. पात्यावर निळसर काळे डाग होते, ते तर येणारच. डाळिंबाच्या सालीतलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि शाईसारखा रंग चढतो. नखानं उघडायच्या खाचेजवळ टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन खड्डे होते. पण खरी अवस्था आत होती. लायनरच्या पट्टीवर तपकिरी भुकटी, बोट लावलं की बोटाला येणारी. जी पट्टी पात्याच्या बुडाशी टेकून चाकू उघडा धरते, तिचं टोक झिजून पलीकडच्या बाजूला सरकलेलं. ब्राँझचे वॉशर तेवढे काळे पडूनही शाबूत होते.

कारण समजायला वेळ लागला नाही. ते या चाकूनं गुटी कलम करतात. फांदीची साल इंचभर गोल काढायची, वर ओलं शेवाळ बांधायचं. आणि त्यांच्या भागात तेल्याची धास्ती कायमची. हा जिवाणूंचा रोग आहे, अवजारांवरून एका झाडाचा दुसऱ्या झाडाला जातो. म्हणून दर झाडागणिक चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पाण्यात बुडवायचा. सोलापूरजवळच्या केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही अवजारं निर्जंतुक करायला सांगतं, आणि ते बरोबरच आहे. पण हायपोक्लोराइट म्हणजे लोखंडाचा वैरी. डी२मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्यामुळे पात्यानं तग धरला. लायनर साध्या स्प्रिंग पट्टीचे आणि स्क्रू काळे हाय-टेन्साइल, म्हणजे क्रोमियम जवळजवळ नाहीच. तासभर आम्ही पात्याच्या पोलादावर वाद घातला होता आणि चाकू मरत होता स्क्रूत.

इथून बैठकीचा नूरच पालटला. मी न सांगता एकेकानं आपला चाकू ताटात ठेवला.

ताटात काय दिसलं

बार्शीचे दोघे मित्र, दोघांकडे अण्णांचाच चाकू, खरेदीत सहा-सात महिन्यांचं अंतर. एकाची धार दोन आठवडे टिकते, दुसऱ्याची दोन दिवसांत जाते. "अण्णा, दोन्ही तुमचेच ना?" हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणानं विचारला, पण अण्णांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या, कठीणता मोजायच्या रॉकवेल मशीनवर दोन्ही पाती तपासली. एक ६०, दुसरं ५६. दुसरा लॉट एका बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे गेला होता. त्यानं पाती वेगळी न घेता डायच्या लॉटबरोबर घातली आणि डायना लागतं तसं जास्त तापमानाला टेम्पर केलं, म्हणजे कडक केल्यावर पुन्हा तापवून जरा मऊ केलं. ठोकर खाणाऱ्या डायसाठी ते योग्य असेल, पात्यासाठी नाही. जुने लोहार म्हणायचे, पात्याला पाणी नीट दिलं तर लोखंड बोलतं. तंत्र बदललं तरी ते खरंच आहे. त्या चार अंकांच्या फरकात अण्णांचं नाव खर्ची पडत होतं.

पेरू कापताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. अण्णांचा चाकू पेरूत शिरायचा आणि अर्ध्यावर जाऊन पेरूचे दोन तुकडे उलायचे. कापणं आणि उलणं यातला फरक घरातली विळी वापरणाऱ्या कुणालाही कळतो. व्हर्नियर लावला तर धारेच्या जरा वर पात्याची जाडी ०.८ मिमी. धार कितीही तीक्ष्ण केली तरी तिच्या मागं पाचरीसारखा जाडसर भाग असेल तर चाकू कापत नाही, फाडतो. ०.३५ ते ०.४ वर आणलं की तेच पोलाद वेगळं वाटायला लागतं. यात माझाही वाटा आहे, कारण पातं जाड ठेवायचा आग्रह माझा होता. वाकलं-मोडलं तर नाव जाईल, या भीतीनं.

एक ताई होत्या, शिक्षिका. त्यांना क्लिपचं काही पडलेलं नव्हतं. "आमच्या ड्रेसला खिसे असतात का? मुठीच्या बुडाशी दोरी ओवायला भोक द्या. आणि हा लॉक इतका ताठ आहे की मिटवताना अंगठा दुखतो." शेजारच्या डावखुऱ्या मुलानं लगेच क्लिप दुसऱ्या बाजूला लावायची सोय मागितली. एकाच्या पात्याच्या टोकाकडचा बोटभर भाग निळा पडला होता. त्यानं तो सोलापूरच्या पूर्व भागात विडीच्या पानांच्या कातऱ्यांना धार लावणाऱ्याकडे दिला होता. तो माणूस कातरीला उत्तम धार लावतो, पण सुक्या चाकावर दाबून धरलेलं पातळ टोक तापलं आणि पाणी उतरलं, म्हणजे कठीणता गेली. दोष कुणाचाच नाही. चाकूबरोबर धार कशी लावायची हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. शिवाय पात्याच्या बुडाशी, जिथं धार सुरू होते तिथं, छोटी खाच नव्हती. ती नसली की दगड मुठीला अडतो आणि बुडाकडची धार वर्षभरात पोटासारखी फुगते. ताटातल्या जवळजवळ प्रत्येक चाकूला ते पोट आलं होतं.

मुठीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण अण्णांच्या चाकूची ओळखच ती आहे. चादरीच्या कारखान्यातून उरलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या आणायच्या, एकावर एक थर देऊन इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवायच्या, दोन प्लेटांमध्ये दाबून वाळवायच्या. कापडाचा आणि रेझिनचा असा दाबलेला पत्रा जगात मायकार्टा म्हणून ओळखला जातो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो विजेच्या कामासाठी काढला. आपल्याकडे गिअरसाठी वापरतात ते कापडी हायलम त्याच जातीचं. चादरीचा लाल-काळा धागा घासून गोलाई दिली की नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या रेघा उमटतात, आणि ओल्या हातात ही मूठ निसटत नाही. बाहेरगावच्या शौकिनांना टायटॅनियम हवं होतं, पण ती चादरीची मूठ काढून टाका असं एकानंही म्हटलं नाही. उलट हैदराबादचा तरुण म्हणाला, "टायटॅनियम कुठेही मिळतं. हे सोलापूरबाहेर मिळणार नाही."

तीच मूठ एका ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये मे महिनाभर राहिली आणि केसभर वाकली. सोलापूरचा उन्हाळा कुणाला सांगायची गरज नाही. उन्हातल्या बंद पत्र्याच्या डब्यात हात घालवत नाही. नुसत्या खोलीच्या तापमानात वाळवलेलं इपॉक्सी अशा उष्णतेत मऊ पडू शकतं. वाळल्यावर त्याला पुन्हा भट्टीत, दाबाखाली, हळूहळू तापवून पक्कं करावं लागतं. ही पायरी आम्ही वेळ वाचवायला गाळली होती.

मग शौकिनांना हवं तरी काय होतं

रात्री मी वहीची पहिली तीन पानं आणि ताटानंतरची दोन पानं शेजारी ठेवली. वरवर दोन वेगळ्या बैठका वाटत होत्या. पण नीट बघितलं तर पहिल्या तासातली मागणीही तीच होती, फक्त दुसऱ्या भाषेत. बार्शीच्या ज्या मित्राच्या पात्याची धार टिकत नव्हती, त्यानंच एम३९० मागितलं होतं. त्याला महागडं पोलाद नको होतं, भरवसा हवा होता. तो भरवसा नावाजलेल्या पोलादाच्या नावात मिळेल असं त्याला वाटलं. बेअरिंग मागणाऱ्याचा चाकू आत कचरा जाऊन अडत होता; बेअरिंगमध्ये तर आपल्या इथली धूळ आणखी अडकते, ब्राँझचा वॉशर पुसला की काम भागतं. टायटॅनियम मागणाऱ्या दोघांची तक्रार गंजाची आणि वजनाची होती.

शौकिनाला सतत नवं हवं असतं असं आपण धरून चालतो. निदान अण्णा आणि मी तसं धरून चाललो होतो. आता मला वाटतं की ज्याला चाकूची खरी आवड असते तो एका चाकूशी संसार करायला बघतो. त्याला तो उघडून साफ करता यायला हवा, धार स्वतः लावता यायला हवी, आणि दोन वर्षांनी भावासाठी दुसरा घेतला तर तो पहिल्यासारखाच निघायला हवा. फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली केलेला लाकडी मुठीचा चाकू अजून त्याच रूपात विकला जातो. त्यातला मोठा बदल म्हणजे १९५५ साली आलेलं पातं अडकवायचं फिरतं कडं. अमेरिकेतल्या बक कंपनीचं ११० हे मॉडेल १९६०च्या दशकातलं आहे आणि आजही बनतं. स्पायडर्कोचा डेलिका १९९० साली आला, त्याची आता चौथी पिढी चालू आहे; नाव तेच, घाट तोच, आत मात्र दर पिढीला बदल. हे सगळे जगभरच्या शौकिनांच्या खिशात आहेत. हैदराबादच्या तरुणाच्या यादीतही यातले दोन होते, हे मला नंतर वही चाळताना दिसलं.

फ्लिपरचं चित्र मात्र वेगळ्याच कारणानं बाद झालं. बैठकीला पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "खट् आवाज करून जो चाकू उघडतो, त्याला लोक रामपुरीच म्हणतात. तुम्ही डाळिंब सोलायला काढला तरी." कायद्याच्या बाजूनं शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची गोष्ट येते, तीही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं वगळून. म्हणजे ७५ मिमीचा चाकू त्यात बसत नाही. पण दिल्लीत बटनदार (बटन दाबून उघडणाऱ्या) आणि गरारीदार (दातेरी चक्रावर उघडणाऱ्या) चाकूंसाठी ७.६२ सेंमी लांबी आणि १.७२ सेंमी रुंदीची वेगळी अधिसूचना आहे. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला मनाई आदेश निघतात तेव्हा त्यात सुरेही असतात आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तूही. अशा दिवसांत गड्डा यात्रेच्या गर्दीत चाकू खिशात ठेवूच नये, असं काकांनी सगळ्यांना बजावलं. अण्णांना तेवढं पुरे होतं. दोन्ही हातांनी, सावकाश उघडणारा चाकू समोरच्याला बिचकवत नाही, आणि त्यांच्या चाकूची तीच ओळख राहावी असं त्यांना वाटतं. मलाही.

निर्णय, आणि पुढं

तीनही चित्रं भिंतीवरून उतरली. पैसे त्याच जुन्या मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीवर लागले. पात्याची जाडी २.५ मिमीवर आली, धारेमागचा भाग ०.४च्या आत. बुडाशी दगड निघून जाईल एवढी खाच. लायनर गंजरोधक पोलादाचे, स्क्रूही तसेच. गंजरोधक स्क्रू काळ्यांपेक्षा मऊ असतात, जोर लावला तर डोकं जातं, म्हणून प्रत्येक चाकूबरोबर दोन जादा स्क्रू आणि एक अॅलन की. दोरीचं भोक दिलं. लॉकची पट्टी जरा पातळ केली. हे सगळ्यात नाजूक काम ठरलं, कारण ती सैल पडली तर पातं बोटावर मिटतं. पट्टीच्या टोकाचा कोन ८ अंशांच्या आसपास धरून आम्ही एकामागून एक आठ नमुने केले आणि शेवटचा ताईंच्या हातात दिल्यावरच थांबलो. मुठी आता भट्टीतून पक्क्या होऊन निघतात.

पोलादावर अण्णांचं आणि माझं चांगलंच वाजलं. मी डी२च्या बाजूनं होतो: इथं सहज मिळतं, झीज कमी. अण्णांनी १४सी२८एन धरलं, स्वीडिश पोलाद, १४ टक्के क्रोमियम आणि थोडा नायट्रोजन. धार डी२इतकी लांब टिकत नाही, पण बारीक लागते, घरच्या दगडावर पटकन येते, आणि हायपोक्लोराइटपुढं जास्त तग धरते. "धार गेली तर माणूस लावतोय. गंजलं तर काय करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हीट ट्रीटमेंट व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडे दिली, फक्त पात्यांचा वेगळा लॉट, आणि दर लॉटमधली तीन पाती माझ्या रॉकवेलवर तपासल्याशिवाय जुळणी नाही. एक लॉट परत पाठवला आहे. आठ दिवस शेड रिकामी बसली, पोरांचा पगार द्यावाच लागला.

आणि एक गोष्ट अण्णांनी आपल्या मनानं केली. लायनरच्या आतल्या बाजूला, स्क्रू काढून चाकू पूर्ण खोलल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, लॉटचा क्रमांक आणि त्या लॉटची कठीणता कोरली. कोरायला प्रत्येकी दोन मिनिटं जातात आणि दुकानात उभं राहून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही.

चाकू २,८०० चा ३,४०० ला गेला. जुन्या घेणाऱ्यांपैकी दोघांनी किंमत ऐकून नाही म्हटलं. पुण्यातले एक गृहस्थ नाराज झाले; त्यांना टायटॅनियमच हवं होतं आणि आम्ही ते दिलं नाही. डावखुऱ्या मुलाचं काम अर्धवट राहिलं. दोन्ही बाजूंना क्लिपची भोकं दिली, पण लायनर लॉक उजव्या अंगठ्यासाठीच आहे. त्याच्यासाठी उलटा लॉक करायचा तर फिक्स्चरही उलटं लागतं, आणि ते अजून झालेलं नाही. बार्शीच्या दोघा मित्रांना अण्णांनी पैसे न घेता नवे चाकू दिले आणि ५६चं पातं मागून घेतलं. ते आता शेडमध्ये ग्राइंडरच्या वर खिळ्याला टांगलेलं आहे.

पावसाळा सरताना सांगोल्याहून फोन आला. गुटीचा हंगाम उरकला होता, चाकू रोज हायपोक्लोराइटमधून निघाला होता. त्यांनी बांधावर बसून अॅलन कीनं तो स्वतः उघडला, गोड्या पाण्यानं धुतला, पुसून तेल लावलं.

"आतमदी ६० लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"होय की," अण्णा म्हणाले. "ती कठीणता."

"बरं केलं. पुढच्या टायमाला तारीख बी टाका. पोराला कळंल कवाचा हाय ते."

अण्णांनी फोन खांद्यात धरूनच खडू घेतला आणि जिथून तीन चित्रं उतरली होती त्या भिंतीवर लिहिलं: तारीख.